‘माझ्याकडेही आली’ म्हणणाऱ्या एका अनोळखी माणसास

सप्रेम नमस्कार,

नाव घालू नका, असं तुम्ही बजावलंय, म्हणून घालत नाही. पत्र मात्र जाहीरच लिहितेय. खासगीत आभार मानले असते तर ‘अहो, त्यात काय’ म्हणून तुम्ही विषय संपवला असता, आणि मला तो इतक्यात संपवायचा नाहीये.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या डेटा प्लॅटफॉर्मवर हाइव्ह आहे, म्हणजे साठवलेल्या फाइल्सना टेबलांसारखं वापरू देणारं साधन. त्याचा मेटास्टोअर क्लाउडवरच्या मॅनेज्ड पोस्टग्रेसवर, म्हणजे क्लाउड कंपनीच सांभाळते अशा पोस्टग्रेस डेटाबेसवर, न्यायचं ठरलं होतं. मेटास्टोअर म्हणजे प्लॅटफॉर्मची नोंदवही: टेबलं कोणती, त्यांत कॉलम कोणते, पार्टिशन्स (टेबलाचे पाडलेले भाग) कोणती आणि प्रत्यक्ष फाइल्स स्टोरेजमध्ये कुठे पडल्यात. डेटाच्या मानाने हे सगळं चिमूटभर, पण ते नसलं की टेबल म्हणून काही उरतच नाही, नुसत्या फाइल्स. हाइव्हबरोबर डर्बी नावाचा छोटा डेटाबेस आपसूक येतो, पण त्यात एका वेळी एकच सेशन चालतं. एकट्याने शिकायला ठीक आहे. अख्ख्या टीमला बाहेरचा डेटाबेस लागतोच. तो उभा केला, कनेक्शन लागलं, आणि मेटास्टोअरची टेबलं बनवायची कमांड पहिल्याच टेबलापाशी अडली: ‘परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक’. म्हणजे पब्लिक नावाच्या स्कीमात, डेटाबेसमधल्या टेबलं ठेवायच्या कप्प्यात, तुम्हाला परवानगी नाही.

ही एरर घेऊन मी कुणाकुणाची दारं ठोठावली, ते सांगितल्याशिवाय तुमची किंमत कुणाला कळायची नाही. सपोर्टकडे तिकीट टाकलं. उत्तर आलं, डॉक्युमेंटेशन वाचा. त्याच डॉक्युमेंटेशनमधल्या कमांड्स जशाच्या तशा चालवल्यावर एरर आलीय, हे मी तिकिटाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. मग तिकीट वरच्या पातळीवर गेलं, म्हणजे तोच प्रश्न मला नव्या माणसाने नव्याने विचारला. एका महागड्या सल्लागाराने कॉलवर फर्मावलं, फायरवॉल सगळ्या जगाला उघडी करून बघा. अहो, परवानगी नाही असं खुद्द डेटाबेस सांगतोय, म्हणजे आपण त्याच्यापर्यंत पोचलोय ना? फायरवॉलने अडवलं असतं तर कनेक्शन टाइमआउट झालं असतं. ‘सुपरयुझर वापरा’ हा आणखी एक सल्ला. मॅनेज्ड सेवेत खरा सुपरयुझर, म्हणजे सगळे अधिकार असलेला युझर, ग्राहकाच्या हाती देतच नाहीत, त्याच्या जवळपास जाणारा एक ॲडमिन युझर देतात, हे त्या गृहस्थांच्या गावीही नव्हतं.

आणि सगळ्यात जिव्हारी लागलेलं वाक्य: ‘आमच्याकडे तर चालतंय.’ यावर बोलणार काय? खोट तुमच्यातच आहे, एवढाच त्याचा अर्थ.

तुमची-माझी ओळख नव्हती. ओळखीच्या ओळखीतून माझा मेसेज तुमच्यापर्यंत पोचला. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, व्हर्जन कोणतं, आणि डेटाबेस नवा बनवलाय की जुना अपग्रेड केलाय? मी म्हटलं, 15, आणि नवा. त्यानंतर तुमच्याकडून काहीच नाही. मला वाटलं, झालं, हेही गेले.

मग तुमचा स्क्रीनशॉट आला. टर्मिनलची काळी खिडकी, तीच कमांड, तीच एरर. खाली तुम्ही लिहिलं होतं, ‘माझ्याकडेही आली. कारण बघतो.’

उत्तर अजून आलेलंच नव्हतं, तरी मला भरून आलं. तुम्ही स्वतःच्या अकाउंटमध्ये, स्वतःच्या पैशाने, एक नवा कोरा डेटाबेस उभा केला होता. स्क्रीनशॉट मोठा करून बघितला, तर डेटाबेसचं नाव माझंच, युझरचं नाव माझंच, त्या नावाच्या शेवटी माझ्याकडून घाईत राहून गेलेला अंडरस्कोअरसुद्धा तसाच. तो तरी गाळायचा! पण नाही. मी जे केलं ते आणि तेवढंच करून बघायचं, असं तुम्ही ठरवलं होतं. तुमच्या हाताशी चालते डेटाबेस काय कमी होते? त्यातल्या एकावर कमांड मारून ‘चालतंय की’ म्हणायला मिनिटही लागलं नसतं. इतके दिवस मी जे सांगत होते ते खरं धरून तपासणारे तुम्ही पहिले.

आणि नेमकं तिथेच सगळं अडलेलं होतं. पोस्टग्रेसमध्ये पूर्वी डेटाबेसला जोडला गेलेला कुठलाही युझर पब्लिक स्कीमात टेबल बनवू शकायचा. या मोकळीकीचा गैरफायदा घेऊन दुसऱ्याच्या क्वेरीत आपला कोड घुसडता येतो, हा धोका 2018 मध्ये सुरक्षेची त्रुटी म्हणून नोंदला गेला, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये आलेल्या 15व्या आवृत्तीत ती मोकळीक काढून घेतली. योग्यच केलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र हा बदल नव्याने बनवलेल्या डेटाबेसनाच लागू होतो. जुन्यावरून अपग्रेड केलेल्यांत आधीच्या परवानग्या तशाच राहतात. म्हणजे ‘आमच्याकडे चालतंय’ म्हणणारे खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडे खरंच चालत होतं. फक्त माझ्यासारखा नवा डेटाबेस करून बघायची तसदी त्यांच्यातल्या एकानेही घेतली नाही.

पुढचं सगळं तुम्ही दोन ओळींत उरकलंत. डेटाबेसवर ‘ग्रँट ऑल’, म्हणजे सगळे अधिकार, दिले तरी जोडणी, नवी स्कीमा आणि तात्पुरती टेबलं एवढीच मुभा मिळते, पब्लिक स्कीमात टेबल बनवायची नाही. तेव्हा मेटास्टोअरच्या युझरलाच डेटाबेसचा ओनर करा. आणि लगोलग पुढची सूचना: ‘आता मस्ट बी मेंबर ऑफ रोल अशी एरर येईल. घाबरू नका. आधी त्या युझरचा रोल ॲडमिनला द्या.’ आलीच ती. पोस्टग्रेसमध्ये युझर म्हणजेच रोल, आणि त्याला ओनर करणाऱ्या ॲडमिनला आधी त्या रोलचं सदस्य असावं लागतं. पण पुढे खड्डा आहे हे कुणी आधी सांगितलं असेल, तर माणूस त्यात पडून स्वतःला दोष देत बसत नाही. टेबलं एकामागून एक बनत गेली, तेव्हा आमच्या टीममधल्या एकाने चक्क टाळ्या वाजवल्या.

आमच्या धंद्यात हुशार माणसांना तोटा नाही. अडलेल्याला उत्तर देताना आपण किती जाणतो हे दाखवायची हौसही दांडगी. ‘हे बेसिक आहे’ असं म्हणून सुरुवात करणारे मी इतके बघितलेत की आताशा त्यांचं पुढचं वाक्य मी वाचतच नाही. तुम्ही माझा हुद्दा विचारला नाहीत, अनुभव किती हेही नाही. विचारलंत ते डेटाबेसबद्दल. साधी सभ्यता आहे ही, खरं तर शाळकरी पोरांनाही जमावी अशी. मग सपोर्टच्या त्या सगळ्या उतरंडीत ती एकालाही का जमू नये? त्यांना प्रत्येक तिकिटामागे वेळ मोजून मिळतो, हे मला कळतं. पण ‘करून बघितलं नाही’ एवढं तरी लिहा ना! आमच्याकडे चालतंय असं ठोकून कशाला द्यायचं?

ते तिकीट, बरं का, परवा ‘समस्या सोडवली’ असा शेरा मारून त्यांनीच बंद केलं. सेवेला किती तारे द्याल, असंही वर विचारलंय. मी तुमचे दोन मेसेज जसेच्या तसे चिकटवून पाठवले आहेत, नाव काढून.

एक राहिलंच. तुम्ही उभा केलेला तो डेटाबेस पुसलात ना? क्लाउडवर विसरलेल्या गोष्टीचं मीटर चालूच राहतं. त्याचं जे काही बिल झालं असेल ते मला पाठवा. दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तुम्ही विषय बदललात. रक्कम किरकोळ असेल, तरी पाठवा.

तुमची ऋणी,
मेटास्टोअरवाली