शुभ्र शिधापत्रिकेच्या घरातून एका आरोग्यमित्र ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

माझ्या वडिलांच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी आम्हाला एक रुपयाही भरावा लागला नाही. त्याचे श्रेय राज्य शासनाच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेला आहे, आणि रुग्णालयात योजनेची मदतनीस, म्हणजेच आरोग्यमित्र, म्हणून ती कागदावरून आमच्या घरापर्यंत आणणाऱ्या आपल्यालाही आहे. आपले आभार घरी बसून मानता आले असते. परंतु आपणही या योजनेत बसतो हेच आमच्यासारख्या कितीतरी कुटुंबांना अजून ठाऊक नाही, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

वडील सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी आहेत. आमची शिधापत्रिका शुभ्र. वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या वर गेले की कुटुंब केशरी गटातून बाहेर पडून शुभ्र गटात येते. ही मर्यादा 1999 साली पिवळ्या, केशरी आणि शुभ्र अशा तिरंगी शिधापत्रिका आल्या तेव्हाची आहे. महिन्याचा हिशेब केला तर ती साडेआठ हजारांच्याही आत येते, आणि आजच्या बाजारात एवढ्या पगाराला कोणी सुखवस्तू म्हणणार नाही. तरीही 2012 साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, पुढे ती राज्यभर पोचली, 2017 साली तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, आणि या सगळ्या काळात आमच्यासारखी घरे एरवी तिच्या बाहेरच राहिली. जुलै 2023 च्या शासन निर्णयाने शुभ्र शिधापत्रिकाधारकांनाही सामावून घेतले, दर कुटुंबाचे वार्षिक संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर नेले, आणि 1 जुलै 2024 पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. माझ्या मते राज्याच्या आरोग्यव्यवस्थेत अलीकडे घेतलेल्या निर्णयांपैकी हा सर्वांत न्याय्य निर्णय आहे.

खाजगी विम्याचा विचार आम्ही केला नव्हता असे नाही. एप्रिल 2024 पासून नवी पॉलिसी घेण्यासाठीची 65 वर्षांची वयोमर्यादा निघाली आणि आधीपासून असलेल्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. सप्टेंबर 2025 मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही उठला. या सुधारणा स्वागतार्हच आहेत. पण ज्येष्ठ आणि मधुमेही माणसाचा हप्ता दिवाणजीच्या पगारातून भरायचा, आणि वर तीन वर्षे हृदयाला धीर धरायला सांगायचे, हे आम्हाला जमणारे नव्हते.

अँजिओग्राफीत तीन रक्तवाहिन्या तुंबलेल्या आढळल्या. ज्या रुग्णालयात ती झाली, तिथे शुभ्र कार्डाला योजना लागू नाही असे ठामपणे सांगण्यात आले. आम्ही खर्चाच्या आकड्याला घाबरून दागिने मोडायच्या तयारीला लागलो होतो. तेवढ्यात एका नातेवाइकाने आम्हाला योजनेशी संलग्न असलेल्या आपल्या रुग्णालयात आणले. आपण शिधापत्रिका आणि आधार कार्ड शेजारी शेजारी ठेवून नावांवरून बोट फिरवलेत आणि आमच्या कोणाच्याच लक्षात न आलेली गोष्ट दाखवलीत: एकावर वडिलांचे घरचे नाव होते, दुसऱ्यावर शाळेतले. हा फरक तसाच राहिला असता तर शस्त्रक्रियेसाठी योजनेकडून घ्यायची पूर्वपरवानगी अडकली असती. शाळा सोडल्याचा दाखला कुठून आणायचा, प्रतिज्ञापत्रात नेमके काय लिहून घ्यायचे, हे आपण एका चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहून दिलेत. माझ्या आईला वाचायला चष्मा लागतो हे पाहून तीच चिठ्ठी दुसऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिलीत.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बिलिंग विभागातून औषधे आणि साहित्यासाठी अनामत रक्कम भरण्याची मागणी झाली. मी ती कुठून तरी उभी करायला निघालो होतो. आपण मला थांबवलेत. खाट, तपासण्या, औषधे, शस्त्रक्रियेचे साहित्य, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एकवेळचे एसटीचे किंवा रेल्वेचे भाडे, हे सारे योजनेच्या ठरलेल्या पॅकेजमध्येच धरलेले असते, हे आपण आधी मला समजावलेत. मग त्याच शांतपणे बिलिंगमधल्या कर्मचाऱ्यांसमोर मांडलेत आणि 155388 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवण्याची तयारीही दाखवलीत. मागणी मागे घेतली गेली. ज्या रुग्णालयात रोज बसायचे तिथल्याच माणसांसमोर रुग्णाच्या बाजूने उभे राहणे किती अवघड असते, याची मला जाणीव आहे.

म्हणूनच एक गोष्ट आवर्जून लिहितो. आरोग्यमित्र कंत्राटी पद्धतीने काम करतात आणि त्यांना मानधनवाढीसाठी आंदोलने करावी लागली आहेत. योजनेत कुटुंबांची आणि उपचारांची संख्या वाढवायची, पण ती समजावून सांगणाऱ्या माणसाची नोकरी अस्थिर ठेवायची, हे मला पटत नाही. शासनाने या पदाला पुरेसे वेतन आणि स्थैर्य द्यावे, अशी माझी मनापासूनची मागणी आहे. तसे निवेदन मी ही योजना राबवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीला पाठवत आहे.

वडील आता सकाळचा वेळ पुन्हा पेठेत घालवू लागले आहेत. दुकानातल्या हमालांच्या आणि इतर दिवाणजींच्या शिधापत्रिका ते आधार कार्डाशी ताडून पाहतात आणि ज्यांची नावे जुळत नाहीत त्यांना दुरुस्तीसाठी तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत पाठवतात.

आपला कृतज्ञ,
एका दिवाणजींचा मुलगा, सांगली