अकरावीत शिकणाऱ्या मुलीस पत्र

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री फोनवर तू रडवेल्या आवाजात म्हणालीस, "बाबा, माझं डोकंच चालत नाही. दहावीत एकदा वाचलं की लक्षात राहायचं, आता तीनदा वाचूनही काही उरत नाही." मी नुसते "नेटाने अभ्यास कर, जमेल" असे म्हणून फोन ठेवला. ते उत्तर तुला पुरणारे नव्हते, हे मला लगेच कळले. आपल्या द्राक्षबागेत सध्या ऑक्टोबर छाटणी चालू आहे, त्यामुळे दिवसभर सवड नसते. पण गेल्या वर्षभरात तुझ्या वयाच्या मुलांच्या मेंदूविषयी मी जे वाचले आहे, ते तुला नीट सांगावे म्हणून आज बसलो आहे.

सहाव्या वर्षापर्यंत मेंदू प्रौढ माणसाच्या मेंदूच्या सुमारे नऊ दशांश आकाराचा झालेला असतो. त्यानंतर बदलत राहते ती मुख्यतः आतली जोडणी. एक चेतापेशी दुसरीला जिथे निरोप देते त्या जागेला चेतासंधी म्हणतात. शिकागोचे बालमेंदूतज्ज्ञ पीटर हटनलॉकर यांनी मृत व्यक्तींच्या मेंदूतील कपाळामागच्या भागाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून या संधी मोजल्या आणि १९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक-दोन वर्षांच्या बाळाच्या मेंदूत त्यांची दाटी प्रौढापेक्षा सुमारे दीडपट भरली, आणि पुढे सोळाव्या वर्षापर्यंत ती उतरत गेलेली दिसली. नंतरच्या अभ्यासांनी ही घट विशीनंतरही चालू राहते असे दाखवले आहे. म्हणजे ज्या वयात मूल सर्वांत जास्त शिकते, त्याच वयात मेंदू आपल्या जोडण्या कमी करत असतो.

शास्त्रज्ञ यालाही छाटणीच म्हणतात, आणि हे वाचून मला किती बरे वाटले ते तुला सांगायला नको. एप्रिलात आपण खरड छाटणी करतो तेव्हा बाग उघडी बोडकी दिसते. ऑक्टोबरात बाहेर येणारा घड मात्र त्या छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, उन्हाळ्यातच तयार झालेला असतो. परंतु ही तुलना एका ठिकाणी थांबते आणि ते ठिकाण तुझ्यासाठी महत्त्वाचे आहे. बागेत कात्री माझ्या हातात असते, कोणती काडी ठेवायची ते मी ठरवतो. मेंदूत असा माळी कोणी नाही. ज्या जोडणीतून वारंवार निरोप जातात ती बळकट होते, जिचा वापर होत नाही ती क्षीण होऊन नाहीशी होते. तुझ्या रोजच्या करण्यातूनच ती निवड होत असते, मग ते करणे गणिताचे असो, तबल्याचे असो वा मैत्रिणींशी बोलण्याचे.

त्याच वेळी चेतापेशींच्या, निरोप वाहून नेणाऱ्या उरलेल्या तंतूंवर मायलिन नावाचे स्निग्ध वेष्टण चढत असते. वेष्टण नसलेल्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला जेमतेम एक-दोन मीटर जातो, जाड वेष्टणाच्या तंतूतून शंभर मीटरच्या आसपास. हे काम मेंदूत सगळीकडे एकाच वेळी होत नाही. पाहणे आणि हालचाल यांचे भाग आधी पक्के होतात. नियोजन करणारा, एक विचार धरून ठेवून दुसरा बाजूला सारणारा कपाळामागचा भाग सर्वांत शेवटी, विशीच्या मध्यावर. अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत डॉ. गीड आणि सहकाऱ्यांनी काही मुलांचे एमआरआय काही वर्षांच्या अंतराने पुन्हा पुन्हा काढले. १९९९ मध्ये त्यांनी दाखवले की या भागातील करडे द्रव्य, म्हणजे चेतापेशी व त्यांच्या जोडण्या असलेला थर, मुलींमध्ये साधारण अकराव्या व मुलग्यांमध्ये साधारण बाराव्या वर्षी सर्वाधिक असते आणि मग कमी होत जाते. आठवणीत घालणे आणि योग्य वेळी योग्य तेच बाहेर काढणे ही दोन कामे आहेत. दुसऱ्या कामात या भागाचा मोठा वाटा असतो आणि तुझ्यात तो अजून घडतो आहे. तुझे डोके बिघडलेले नाही.

आता झोपेविषयी, आणि इथे मला तुझी माफी मागायची आहे. दहावीच्या वर्षी मी तुला रोज पहाटे पाचला उठवत असे, आणि तू उठली नाहीस की "आळशी" म्हणून पांघरूण ओढत असे. मला तेव्हा ठाऊक नव्हते की वयात येताना शरीराचे घड्याळच मागे सरकते. झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागते, म्हणून तुम्हा मुलांना दहा वाजता झोप येत नाही आणि पहाटे जाग येत नाही. तुझ्या वयाला आठ ते दहा तास झोप हवी. दिवसभरात शिकलेले आधी हिप्पोकॅम्पस या भागाच्या आधाराने टिकते आणि झोपेत त्याची उजळणी होऊन ते मेंदूच्या बाहेरच्या थरांत हळूहळू रुजते. रात्री दोनपर्यंत जागून आणि सहाला उठून तू ही रुजवणच अर्ध्यावर तोडते आहेस. अकरावीचा अभ्यासक्रम दहावीपेक्षा कितीतरी मोठा आहे हे खरे, पण तुझ्या तक्रारीचे मोठे कारण मला हे जागरण वाटते.

तीनदा वाचण्याविषयीही एक प्रयोग सांगतो. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे स्पष्टपणे पुढे गेले. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपल्याला तो येतो असा भास होतो. आठवताना त्रास होतो, अडखळायला होते, आणि त्या धडपडीनेच वाट पक्की होते.

चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की दहाव्या ते तिसाव्या वर्षांमधल्या आठवणी नेहमीच्या हिशेबापेक्षा जास्त निघतात. माझेही तसेच आहे. तुझ्या आजोबांनी पहिल्यांदा माझ्या हाती कात्री दिली तेव्हा मी तुझ्याच वयाचा होतो. त्या सकाळचे धुके, त्यांनी बोट ठेवून दाखवलेला डोळा, सगळे आजही समोर उभे राहते, आणि मागच्या वर्षीची छाटणी मात्र वही काढल्याशिवाय आठवत नाही.

उत्तर लिहिशील तेव्हा एक कर. जीवशास्त्राचा पेशीचा धडा पुस्तक मिटून, जेवढा आठवेल तेवढा, त्याच कागदावर लिहून पाठव. निम्मा आला तरी चालेल. दिवाळीला घरी आलीस की सकाळी कोणी हाक मारणार नाही, आईलाही तसे सांगून ठेवले आहे.

तुझा,
बाबा