राउटर कुठं ठेवायचा ते आधी ठरवा, स्पीडचं नंतर बघू

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणपती जवळ आले की आमच्याकडे घराला रंग काढायचा आणि इंटरनेटचं कनेक्शन घ्यायचं ही दोन कामं एकदमच निघतात. मुलगा-सून चार दिवस जास्त राहणार, राहून ऑफिसचं काम पण करणार, म्हणून वायफाय घेऊन ठेवा असा मुंबईहून फोन येतो आणि आईबाबा घेतात पण बिचारे. २०२० च्या लॉकडाऊनपासून हे फारच वाढलंय. माझं देवगड तालुक्यात मोबाईल रिचार्जचं छोटं दुकान आहे, त्यामुळे कनेक्शन कुणाचंही असो, गाऱ्हाणं माझ्या काउंटरवर येतं. आणि गाऱ्हाणं बहुतेक एकच, "ओटीवर चलता, आत गेल्यार जाता." मग पुढचा प्रश्न, मोठा प्लॅन घेऊ काय?

नका घेऊ. निदान लगेच तरी नको.

होतं काय, फायबर म्हणजे नेटची वायर टाकायला येणारा कंपनीचा मुलगा रस्त्याच्या बाजूने येतो, पहिली खिडकी दिसली की तिथून वायर आत घेतो, तिथंच राउटर म्हणजे वायफाय देणारा डबा ठोकतो, मोबाईल जोडून दाखवतो आणि पुढच्या घरी जातो, त्याला पण दिवसाला अशी बरीच घरं उरकायची असतात. म्हणजे डबा ओटीच्या कोपऱ्यात आणि सून लॅपटॉप घेऊन बसणार माजघरात किंवा मागच्या खोलीत. मधे दोन चिऱ्याच्या भिंती, जुन्या घरात चांगल्या फूटभर जाड, त्यात पावसाने ओल धरलेली असली तर आणखीनच वाईट कारण पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. शहरातल्या फ्लॅटच्या पातळ भिंतीत जे चालतं ते चिऱ्याच्या घरात चालेलच असं नाही. विहिरीवर मोठा पंप बसवला म्हणून शेवटच्या माडाला पाणी पोचत नाही, मधे पाट फुटलेला असेल तर.

कंपनी जो स्पीड विकते तो डब्यापर्यंतचा, त्यापुढे आपलं घर. म्हणून तक्रार करायच्या आधी एक सोपी गोष्ट करून बघा. लॅपटॉप लॅन केबलने, म्हणजे नेटच्या तांब्याच्या वायरने, थेट डब्याला जोडा आणि स्पीड टेस्ट करा, मग तोच लॅपटॉप मागच्या खोलीत नेऊन वायफायवर करा. डब्यापाशी बरोबर येतंय आणि खोलीत येत नाही, तर प्लॅन वाढवून काय उपयोग? डब्यापाशीच कमी येतंय तर मात्र कंपनीला फोन लावा आणि सोडू नका. अजून एक, १०० एमबीपीएसचा प्लॅन असेल तर फाईल डाउनलोड होताना सेकंदाला साडेबारा एमबीच्या वर आकडा दिसणार नाही, कारण प्लॅन मोजतात बिटमध्ये आणि फाईल मोजतात बाईटमध्ये, ८ बिटांचा १ बाईट. १२ चा आकडा बघून फसवलं म्हणत भांडायला गेलेले लोक मी बघितलेत.

आता डब्याची जागा. शक्यतो घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर. दिसायला बरं नाही म्हणून टीव्हीच्या शोकेसमध्ये कोंबू नका, लोखंडी कपाटाच्या मागे नको, फ्रिजवर नको, मोठ्या आरशाच्या मागे नको, धातू सिग्नल अडवतो आणि आरशाला पण मागून धातूचाच मुलामा असतो. अँटेना उभे ठेवले की सिग्नल आडवा पसरतो, माळ्यावर कुणी झोपत असेल तर एखादा आडवा करून बघा. आणि हे सगळं तो फायबरवाला मुलगा यायच्या आधी ठरवायचं. त्याला स्पष्ट सांगा, वायर माजघरापर्यंत आत घे, जास्तीच्या वायरचे पैसे घेतले तरी ते मोठ्या प्लॅनपेक्षा स्वस्त पडतात. फक्त ती वायर आत काचेची असते, कोपऱ्यात काटकोनात मुडपायची नाही, दाराच्या फटीत चेपायची नाही.

बहुतेक डब्यांत दोन वायफाय असतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ वालं लांब जातं, भिंतीतून बऱ्यापैकी जातं पण हळू. ५ वालं वेगवान पण भिंत आली की दमतं. त्याच खोलीत बसणार असाल तर ५, मागच्या पडवीत २.४. होमस्टेवाल्यांनी हे पण लक्षात ठेवा की स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह २.४ च्याच आसपास चालतो, तो चालू असताना शेजारचं वायफाय अडखळतं.

घर फारच लांब असेल तर लोक रिपीटर, म्हणजे सिग्नल घेऊन पुढे देणारा छोटा डबा, घेतात आणि जिथं सिग्नल येत नाही नेमका तिथंच लावतात. जिथं त्यालाच सिग्नल मिळत नाही तिथून तो पुढे काय देणार? तो मधे लावायचा, आणि तरी साध्या रिपीटरमध्ये स्पीड जवळजवळ निम्मा होतो. माझं मत विचाराल तर लॅन केबल ओढा आणि तिच्या टोकाला दुसरा राउटर लावा, एक केबल १०० मीटरपर्यंत चालते. पण घर आणि पाहुण्यांची खोली यांच्यामधे खळं असेल तर तांब्याची केबल उघड्यावरून नेऊ नका, मृगाच्या आधी विजा कशा असतात ते सांगायला नको, दोन्हीकडचे डबे जाऊ शकतात. तिथं काचेचीच वायर बरी. आणि गडगडायला लागलं की अडॅप्टर भिंतीतून काढा, काचेतून वीज येत नाही पण लाईटच्या लाईनीतून येते.

लाईट जाणं काय आपल्याला नवीन नाही. राउटरसाठी छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर चालणारी बॅटरी, मिळतो, घेताना अडॅप्टरवर किती व्होल्ट किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या, बहुतेक १२ व्होल्ट असतं.

डब्यावर एलओएस नावाची लाईट लाल लुकलुकायला लागली म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाही, वायरवर माडाचं झाप पडलं असेल नाहीतर माकडांनी झोका घेतला असेल. घरात बसून ते दुरुस्त होत नाही. अशा वेळी पिन घालून रिसेटचं बटण अजिबात दाबू नका, सगळं सेटिंग पुसलं जातं आणि वायर जोडली तरी नेट येत नाही, परत माणूस बोलवावा लागतो. २०२० चं निसर्ग, २०२१ चं तौक्ते ही वादळं आठवा, खांबच झोपले तर कुठलंच फायबर चालणार नाही, म्हणून मोबाईलचा डेटा पॅक बंद करू नका.

पासवर्डचं थोडक्यात. स्टिकरवरचा बदला, स्वतःचा मोबाईल नंबर ठेवू नका, आणि पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क, म्हणजे त्याच डब्यातलं वेगळ्या नावाचं वायफाय, चालू करून त्याचाच पासवर्ड वाटा. गणपतीत आरतीला आलेली वाडीतली पोरं प्रसादाच्या आधी पासवर्ड मागतात. आणि हो, जाहिरातीतल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी वेगळा आहे का ते आधी विचारा.

तुमच्या पेपरात इंटरनेट कंपन्यांच्या पानभर जाहिराती येतात. त्या कंपन्यांना आपल्यामार्फत एवढंच सांगणं आहे की डबा बसवताना घरात एक फेरी मारायला त्या मुलाला पंधरा मिनिटं जास्त द्या, आणि जाताना कुठली लाईट म्हणजे काय हे मराठीत छापलेला एक कागद भिंतीला चिकटवून जायला सांगा.

आपला,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग