दुसरे पुस्तक आपल्या नावावर

आदरणीय ग्रंथपाल ताई,

सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानले की आपण ‘त्यात काय एवढं’ म्हणून पुढच्या सभासदाच्या कार्डाकडे वळता, हे आता ठाऊक झाले आहे. म्हणून हे पत्र चारचौघांच्या देखत लिहीत आहे, म्हणजे आपल्याला ते पूर्ण वाचावेच लागेल.

आमच्या मैत्रिणींच्या गटाने या वर्षी वाचनाचे चॅलेंज घेतले आहे. दर महिन्याला एक विषय, त्या विषयावरचे एक पुस्तक आणि महिनाअखेरीस त्यावर बोलणे, एवढाच त्याचा नियम. या वेळचा विषय होता ‘सत्य घटनेवरचे पुस्तक’. ऐकायला सोपा वाटणारा हा विषय पुस्तक निवडायला बसल्यावर किती अवघड होतो, हे मला आपल्याकडे येण्याआधी दोन ठिकाणी कळले. एका मोठ्या, वातानुकूलित दुकानात विक्रेत्या मुलाने फोनवरून नजरही न उचलता समोरच्या टेबलाकडे बोट दाखवले आणि ‘त्यातलं कुठलंही घ्या, सगळी खरीच आहेत’ असे सांगितले. दुसऱ्या एका वाचनालयात तर ‘पुस्तकाचं नाव सांगा, असेल तर देतो’ असे उत्तर मिळाले. नाव ठाऊक असते तर विचारायला कशाला गेले असते? आमच्या गटातल्या एकीने मलपृष्ठावर ‘सत्यकथा’ असे छापलेले पाहून पुस्तक उचलण्याचा सल्ला दिला. तो सल्ला तिच्याकडेच ठेवून मी आपल्याकडे आले.

माझ्या हातात तेव्हा ‘पॅपिलॉन’ होते, काळ्या पाण्याच्या कैदेतून पळालेल्या फ्रेंच कैद्याने स्वतःची कहाणी म्हणून लिहिलेले. आपण ते काढून घेतले नाही, की नाकही मुरडले नाही. मूळ फ्रेंच पुस्तक १९६९ साली आले आणि पुढच्याच वर्षी एका फ्रेंच पत्रकाराने लेखकाच्या अनेक दाव्यांना आव्हान देणारे पुस्तक काढले, हे आपण सांगितलेत आणि वर म्हणालात, ‘वाचा जरूर, झोप लागणार नाही, फक्त खरं म्हणून लिहिताना जरा थांबा.’ पुस्तकाची गोडी कमी न करता त्याच्याबद्दलची शंका वाचकाच्या हाती देणे मी तरी त्याआधी कोणाला जमलेले पाहिले नव्हते.

मग आपण दोन वेगवेगळ्या कपाटांतून दोन पुस्तके काढून टेबलावर शेजारी शेजारी ठेवलीत. एक श्री. ज. जोशी यांची १९६८ सालची कादंबरी ‘आनंदी गोपाळ’ आणि दुसरे अंजली कीर्तने यांनी संशोधन करून लिहिलेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे जाडजूड चरित्र. बाई एकच, नवरा एकच, कल्याण, कलकत्ता, फिलाडेल्फिया ही गावेही तीच. आपल्या वाचनालयाचा नियम एका कार्डावर एक पुस्तक आणि एक मासिक असा आहे. कोणते घ्यावे या विचारात मी घुटमळत असताना आपण देवघेवीच्या वहीत कादंबरी माझ्या नावावर लिहिलीत, खालच्या ओळीत चरित्र लिहून त्यापुढे स्वतःचे नाव घातलेत आणि दोन्ही पुस्तके माझ्या पिशवीत सरकवलीत. ‘एकटं एक वाचण्यात गंमत नाही,’ एवढेच म्हणालात.

ताई, मला खरे आभार मानायचे आहेत ते त्या खालच्या ओळीचे. मी आपल्याकडे नव्याने सभासद झालेली. पुस्तक हरवले असते, पाने फाटली असती, तर भुर्दंड आपल्याला बसला असता. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांतल्या सेवकांच्या हाती महिन्याला काय पडते, हे सर्वांना ठाऊक आहे आणि त्याबद्दल कोणाला फारशी लाज वाटत नाही. अशा ठिकाणी बसून, अनोळखी बाईच्या वाचनासाठी आपले नाव तारण ठेवणारी माणसे आहेत. नियमाच्या आड लपणे किती सोपे असते! आपल्याला तर नियम मोडावाही लागला नाही. आपण आपल्या वाट्याचे पुस्तक मला दिलेत, इतकेच.

दोन्ही पुस्तके मी आळीपाळीने वाचली. कादंबरी आनंदीबाईंच्या मनात शिरते, गोपाळरावांच्या रागाला आणि हट्टाला शब्द देते. चरित्र मात्र पत्रे आणि कागद जिथे संपतात तिथे थांबते. असे वाचता वाचता एक खोड लागली: एखादा प्रसंग फारच रंगला की हा नक्की लेखकाचा, असे मनाशी ठरवायची. पण न्यू जर्सीतल्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना एक मिशनरी मासिक चाळतात, त्यात बायकोच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी केलेला पत्रव्यवहार त्यांच्या नजरेस पडतो आणि त्या थेट आनंदीबाईंना पत्र लिहितात, हा कादंबरीत शोभावा असा योगायोग अगदी खरा आहे. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना डॉक्टरकीची पदवी आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, मृत्यू. हा शेवटही कोणा लेखकाने बेतलेला नाही. गटात मी याच दोन गोष्टींवर बोलले आणि नेहमी चहा येताच विषय बदलणाऱ्या आमच्या मैत्रिणी त्या दिवशी कादंबरीकाराला किती मोकळीक असावी यावरून चांगल्या हमरीतुमरीवर आल्या. गोपाळरावांवर कादंबरीने अन्याय केला की उपकार, याचा निकाल अजून लागलेला नाही. माझे मत अन्यायाकडे झुकते, पण मला विरोध करणाऱ्या दोघी चरित्र वाचायला मागत आहेत, हेही आपल्याला कळवायला हवे.

आपण जाता जाता गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चेही नाव घेतले होते. वरसईचा एक भिक्षुक दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे जातो, १८५७च्या बंडात सापडतो, झाशीचा पाडाव डोळ्यांनी पाहतो आणि कितीतरी वर्षांनी ते सारे आठवून लिहून काढतो. त्यावर संपादकाचा हात फिरून ते १९०७ साली छापले जाते. डोळ्यांनी पाहिलेले आणि तरीही स्मरणातून व दुसऱ्याच्या लेखणीखालून आलेले हे खरेपण कसे वाचायचे, हे मला आपल्याशीच बोलायचे आहे. पुढच्या महिन्याचा विषय प्रवासवर्णन असल्याने ते पुस्तक चॅलेंजमध्येही बसेल.

तेव्हा त्याची प्रत परत आली की माझ्यासाठी बाजूला ठेवावी, ही विनंती. चरित्र येत्या शनिवारी आणून देते, म्हणजे ते आपल्या नावावरून उतरवून त्या दोघींपैकी जी आधी येईल तिच्या नावावर चढवता येईल. दोघी येणार आहेत, आणि दोघींनाही ते आधी हवे आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.

आपली नम्र,
एक नवी सभासद