काठ दीड फुटावर

पुणे,
८ डिसेंबर

प्रिय बंड्या,

"हॉट टब घेतलास का, आणि कुठला, एका ओळीत कळव," असं तू लिहिलंस. एका ओळीत सांगतो: घेतला. तिघांचा, ॲक्रिलिकचा, मागच्या अंगणात फूटभर जमिनीत बसवायचा. पण अण्णांच्या कमरेसाठी तुझ्याही मनात तेच घोळतंय, तेव्हा एका ओळीत भागणार नाही. चार महिने मी याच्याच मागे आहे. चहा घे आणि बसून वाच.

सुरुवात तुझ्याच गावाकडची आहे. दोन वर्षांपूर्वी आपण आईला तुरळ-राजवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडावर नेलं होतं, आठवतं? गाडीतून उतरताना तिनं दोघांचे खांदे धरले होते. कुंडाच्या पायरीवर ती बसली, मग एकेक पायरी बसल्याबसल्याच उतरली आणि गळ्यापर्यंत पाण्यात गेली. पंधरा मिनिटांनी तिनं पाण्यातच पाय मोकळे केले, वाकवले, परत लांब केले. गुडघा इतका वाकलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. "अवि, दुखत नाही रे," असं म्हणाली ती. ऑपरेशनला डॉक्टर तयार नाहीत, तिचं हृदय पाहता. गोळ्यांनी पित्त होतं. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच होतं, की तुरळचं पाणी नाही तर निदान तेवढं ऊन पाणी रोज तिच्या वाट्याला यावं.

तिच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी नीट समजावलं. गळ्यापर्यंत पाण्यात बसलं की गुडघ्यांवर शरीराचा जेमतेम दहावा हिस्सा भार उरतो, बाकी पाणी उचलून धरतं. उष्णतेनं स्नायू सैल पडतात, आणि मग व्यायाम होतो. ज्या जकुझी घराण्याच्या नावानं आपण सगळ्याच टबांना हाक मारतो, त्यांचंही इथूनच सुरू झालं. कॅलिफोर्नियात त्यांचा पाण्याच्या पंपांचा कारखाना होता. कँडिडो जकुझीच्या लहान मुलाला संधिवात होता. त्याला घरच्या टबातच उपचार मिळावेत म्हणून त्यांनी पाण्यात ठेवायचा पंप बनवला आणि १९५६ पासून तो विकायला लागले. मौजेसाठी तयार केलेला, आतच जेट, म्हणजे पाण्याचा जोरदार फवारा मारणारी तोंडं, बसवलेला टब १९६८ चा, म्हणजे बराच नंतरचा. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. दुकानात दिवे आणि स्पीकर दाखवतात, पण मुळात ही वस्तू एका दुखऱ्या पोरासाठी घडली.

आता चुका सांगतो, म्हणजे तुझ्या वाचतील.

पहिली चूक फुगवायच्या टबाची. ऑफिसातल्या एकानं त्याचा वापरायला दिला, म्हणाला, आधी बघा, मग घ्या. पोर्चमध्ये फुगवला, सातशे लिटरच्या आसपास पाणी भरलं, सकाळी लावला तो संध्याकाळी तापला. त्याचा काठ सव्वादोन फूट उंच आणि हवेचा. बाहेर स्टूल ठेवून मी आणि सुनीतानं आईला आत घेतलं. आत छान बसली. बाहेर येताना तिनं काठावर हात टेकला आणि काठ खाली दबला. ती वाकडी झाली. मी काखेत हात घालून धरली, पण ओल्या अंगाला पकड मिळेना. दोन मिनिटं असेल, त्याहून जास्त नाही. पण तिच्या चेहऱ्यावर जी भीती मी पाहिली ती विसरता येत नाही. त्या रात्री तिनं "नको रे टब-बिब" असं म्हटलं आणि देवघरात जाऊन बसली. टब वाईट नव्हता. तरुण जोडप्याला, भाड्याच्या फ्लॅटमधल्या माणसाला तो चांगला आहे. गुंडाळून कपाटात ठेवता येतो. शिवाय बुडबुड्यांसाठी तो बाहेरची हवा आत फुंकतो, त्यानं थंडीत पाणी निवत जातं. ज्याला काठ धरून उठायचंय त्याच्या कामाचा मात्र तो नाही.

दुसरी चूक गच्चीची. माझ्या डोळ्यांसमोर गच्चीच होती: मोकळं आकाश, समोर पर्वती. बाणेरच्या एका शोरूममध्ये सहाजणांचा टब पाहून आलो, आणि विक्रेता म्हणाला, गच्चीवर सहज बसेल. नशिबानं ॲडव्हान्स देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं. माणसं वावरतात अशा गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून काढतात, खोल्यांचा दोनशे. पाणी ऐंशी सेंटिमीटर खोल असलं तर नुसत्या पाण्याचेच चौरस मीटरला आठशे किलो. आसनांची जागा वजा केली तरी भरलेला टब, आत माणसं, सगळं मिळून दीड-पावणेदोन टन. आपला बंगला १९७८ चा, आणि स्लॅब किती जाडीचा हे बांधणाऱ्या मामांनाच ठाऊक, ते आता नाहीत. इंजिनिअर म्हणाले, "जमीन आहे ना तुमच्याकडे? मग वर कशाला?" बंड्या, तुझ्याकडे तर जांभ्याचं अंगणच आहे. माडीवर ठेवायचा विचारही मनात आणू नकोस.

बाथरूममधला जकुझी टब म्हणशील, तर तोही पाहिला. पण ती वेगळी जात आहे. रोज भरायचा, रोज सोडायचा. एका वेळेला अडीचशे लिटर धरलं आणि आपला गिझर पंचवीस लिटरचा! दर उन्हाळ्यात गल्लीत टँकर येतो आणि शेजारच्या वहिनी बादल्या मोजून वापरतात. तिथे रोज अडीचशे लिटर गटारात सोडायला मन धजलं नाही. हॉट टबात पाणी तेच राहतं, गाळून आणि औषध घालून वापरायचं. आमच्या ९०० लिटरला एकटी आई बसणार, तर साधारण अडीच महिन्यांनी पाणी बदलायचं. बदलण्याआधी क्लोरीन घालणं बंद करून चार दिवस झाकण काढून ठेवलं की तेच पाणी झाडांना चालतं. हा हिशेब मी दोनदा करून पाहिला, कारण ही गोष्ट मला खरोखर टोचत होती.

पाण्यात घालायच्या औषधाचं मात्र अण्णांच्या वयाला फार जपायला हवं. कोमट पाणी म्हणजे जंतूंचं माहेर. १९९९ साली नेदरलँड्समध्ये एका फुलांच्या प्रदर्शनात नुसता दाखवायला ठेवलेला चालू टब होता. त्याच्या तुषारांतून लेजिओनेला नावाचे जंतू पसरले आणि तिसाच्या आसपास माणसं न्यूमोनियानं गेली. ती टबात उतरलीही नव्हती, नुसती जवळून गेली होती. म्हणून क्लोरीन दहा लाखाला तीन भागांच्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लतेचा आकडा, ७ ते ७.८ च्या मध्ये ठेवायचा. पट्टी बुडवून रंग पाहायचा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सुनीतानं ते स्वतःकडे घेतलंय; देवापुढे दिवा लावायच्या आधी पट्टी, असं तिनं ठरवून टाकलं. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी भरणार असलास तर आधी तपासून घे. जड पाण्याचा थर हीटरवर बसतो.

विजेचं तू विचारलंयस. गणित सोपं आहे: एका युनिटात ८६० लिटर पाणी एक अंशानं तापतं. थंडीत आमच्या नळाचं पाणी २२ अंश धरलं आणि ३७ पर्यंत न्यायचं, तर ९०० लिटरला पावणेसोळा युनिट. दोन किलोवॅटच्या हीटरला आठ तास. पण हे फक्त पहिल्या भरणीला. त्यातही गच्चीवरच्या सोलरचं दोनशे लिटर कढत पाणी आधी ओतलं की सगळं मिळून तीस अंशांवर येतं, आणि निम्म्याहून जास्त वीज वाचते. रोजचा खर्च ठरतो तो झाकणावर. टबाची उष्णता सगळ्यात जास्त जाते ती वाफेवाटे. एक लिटर पाणी उडून गेलं की दोन तृतीयांश युनिट गेलं. म्हणून दुकानात गेलास की जेट मोजू नकोस, झाकण उचलून बघ. चार बोटं जाड, घट्ट फोमचं आणि काठावर फट न ठेवणारं हवं. टबाच्या पोटातही फोम भरलेला हवा. ते दाखवायला एका दुकानानं बाजूची फळी उघडली, दुसऱ्यानं उघडली नाही. फळी उघडणाऱ्याकडून मी टब घेतला.

जेटचं असं की पंप तेवढाच असेल आणि तोंडं वाढवली, तर प्रत्येकाचा जोर कमी होतो. साठ जेटच्या टबात हात घालून पाहिला, नुसत्या गुदगुल्या. आमच्यात थोडेच आहेत, पण पोटरीला आणि कमरेला बरोबर लागतात. झोपायची जागा असलेला टब तर घेऊच नकोस. हलकं माणूस त्यात तरंगून वर येतं, पाय टेकत नाहीत, आणि मग घाबरतं. आईचं वजन सेहेचाळीस किलो, तेव्हा आम्ही सरळ बसायच्या खुर्च्याच घेतल्या. एका ओळखीच्यांनी अमेरिकेतून आणलेला जुना टब स्वस्तात देऊ केला होता. त्याचे पंप साठ हर्ट्झचे होते, आपली वीज पन्नासची. नको म्हटलं. आमच्या वायरमननं वेगळी लाइन, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की लगेच लाइन तोडणारा स्विच) यांशिवाय टबाला हात लावणार नाही असं बजावलं. तुझ्या वायरमननं आळस केला तर दुसरा बघ.

आता काठाचं, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. फुगवायच्या टबाच्या त्या प्रसंगानंतर मी महिनाभर गप्प होतो. एका संध्याकाळी आई मागच्या दारी ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. सोलून झाल्या, आणि उठताना तिनं दोन्ही तळवे ओट्यावर टेकले, बसल्याबसल्याच वळली, पाय या बाजूचे त्या बाजूला घेतले आणि मग उभी राहिली. कुणाचा हात नाही, काठी नाही. तुरळच्या पायरीवरही तिनं हेच केलं होतं! मी लगेच टेप आणून ओटा मोजला. दीड फूट, म्हणजे पंचेचाळीस सेंटिमीटर. तिच्या जेवायच्या खुर्चीचीही तीच उंची. हा तिघांचा टब पंचाहत्तर सेंटिमीटर उंच आहे. तो तीस सेंटिमीटर जमिनीत घेतला की काठ बरोबर दीड फुटावर येतो. काठाला लागून तेवढ्याच उंचीचा ओटा बांधायचा. तिनं ओट्यावर बसायचं, वळायचं, पाय आत घ्यायचे, आणि आतल्या आसनावर सरकायचं.

शोरूममध्ये तिला घेऊन गेलो आणि कोरड्या टबाशेजारी त्याच उंचीचं लाकडी खोकं मांडायला लावलं. ती चपला काढून खोक्यावर बसली, पदर खोचला, काठ चाचपला, वळली, आणि आत जाऊन बसली. मग बाहेर आली. मग पुन्हा आत गेली, मी सांगितलं नसताना. तिसऱ्यांदा बाहेर येऊन म्हणाली, "उजव्या हाताला धरायला दांडी पाहिजे." तेवढंच. मी तिथेच पैसे भरले.

खड्डा खणून झालाय. फूटभरावरच मुरूम लागला, ते बरं झालं. त्यावर जाळी टाकून चार इंच काँक्रीट केलं. ज्या बाजूला पंप आणि हीटर आहेत तिथे माणूस बसून काम करू शकेल एवढी मोकळी जागा सोडलीय. नाहीतर दुरुस्तीला सगळा टब उचलावा लागतो. पावसाचं पाणी खड्ड्यात साचू नये म्हणून तळाला उतार देऊन पाइप बाहेरच्या गटारात नेलाय. पारिजातक मात्र तिथेच आहे. त्याची फुलं गाळणीत अडकतील असं दुकानदार म्हणाला. आई म्हणाली, अडकू देत.

डॉक्टरांनी ३७ अंशांच्या वर जायचं नाही असं सांगितलंय, आणि वेळ पंधरा मिनिटं. कंपन्या ४० पर्यंत देतात, पण तिची बीपीची गोळी चालू आहे; गरम पाण्यातून एकदम उठलं की बीपी पडतो. ओट्यावर बसून पाच मिनिटं थांबायचं, मग उभं राहायचं. अण्णांच्या डॉक्टरांनाही आधी विचार.

सोमवारी गवंडी ओट्याला येतोय. वर गुळगुळीत कडाप्पा न लावता खरखरीत शहाबादी लावायची, ओल्या पायांना सरकायला नको. दांडी स्टीलची, उजव्या हाताला. अण्णांच्या खुर्चीची उंची मोजून कळव, आणि त्यांना घेऊनच ये. त्यांनी इथे बसून-वळून बघितल्याशिवाय तू तिकडे काहीच ठरवू नकोस. येताना आईसाठी कोकमं आण, मागच्या वेळची संपलीत.

तुझा,
अवि