आई, खलबत्ता शोधू नकोस

प्रिय आई-बाबा,

आई, आधी सगळं वाच आणि मग काय बोलायचं ते बोल. लोखंडी खलबत्ता पलंगाखाली नाही, माळ्यावर नाही, तो इथे पुण्यात माझ्या ओट्यावर आहे. परवा पहाटे सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसला निघताना बाबा म्हणाले ना बॅग एवढी जड का, आणि मी म्हटलं ज्वारीचं पीठ आहे, तर पीठ होतंच पण त्याच्या खाली हा होता. चोरी म्हण हवं तर. पण मी रिक्षात बसले की तू वॉकर भिंतीला टेकवणार, मिक्सरच्या चटणीला तेल सुटत नाही म्हणणार आणि फतकल मारून शेंगा कुटायला बसणार हे मला माहीत नाही का? गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मांडी घालायची नाही, खाली बसायचं नाही सांगितलं तेव्हा तू "हो हो" म्हणालीस, तो हो हो मी चांगला ओळखते.

टाके काढायला 2 दिवस राहिले असताना मी निघून आले हे मला अजून टोचतंय. रजा संपली होती, पोरीची परीक्षा सोमवारपासून, ह्यांचं ऑडिट, सगळं खरं आहे पण खरं असूनही गाडीत कुर्डुवाडीपर्यंत मी खिडकीकडेच तोंड करून बसले होते. म्हणून एक ठरवून टाकलंय, विचारलं नाही कारण तुम्ही नको म्हणाला असता. सोमवारपासून एक मावशी येतील, सकाळी 9 ते 5, महिन्याचे पैसे देऊन झालेत त्यामुळे परत पाठवायचा विषय नाही. आई, तुझं स्वयंपाकघर कोणी घेत नाही गं. तू खुर्ची टाकून दारात बस आणि सांग, कडक भाकरी किती पातळ थापायची, आमटीला येसर किती. त्यांना डबे सापडेपर्यंत आठ दिवस आदळआपट होईल, ती ऐकून गप्प राहायचं, हाच तुझा खरा व्यायाम.

बाबा, आता तुमच्याकडे येते. मिल सुटून एवढी वर्षं झाली तरी तुमच्या हातची चादरीची घडी अशी की कोपऱ्याला कोपरा. त्या रात्री आई कण्हत होती तेव्हा तुम्ही लाल चादर घट्ट गुंडाळून हळूच तिच्या गुडघ्याखाली सरकवलीत, ती लगेच शांत झाली, आणि सकाळी फिजिओवाल्या दादांनी ती काढायला लावली तेव्हा तुमचा चेहरा मला बघवला नाही. तुमचं चुकलं असं नाही हो, बरं वाटतंच तिला. पण गुडघा तसाच वाकडा राहून आखडला की पाय सरळ होत नाही आणि माणूस लंगडतच चालतो. तीच चादर टाचेखाली द्या, म्हणजे गुडघा आपोआप खाली जातो. आणि पायात प्लास्टिकची पिशवी घालून टाच गादीवरून मागे ओढायची, दिवसातून तीनदा, दुखण्याची गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाने. घरी आणलं तेव्हा गुडघा 80 अंशांपर्यंत वाकत होता, 90 झाला की मला फोटो पाठवा. ती रडली तर रडू दे, तुम्ही बाहेर कट्ट्यावर जाऊन बसा. बर्फ 15 मिनिटं, टॉवेलात गुंडाळून.

सूज आणि गरमपणा महिने दोन महिने राहतोच, त्याला घाबरू नका. पण पोटरी दुखून ताठली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप आला तर मला फोन करायच्या आधी डॉक्टरांना करा, आणि पोटरीला तेल चोळायचं नाही, शेजारच्या काकूंनी कितीही सांगितलं तरी. रक्त पातळ करायची गोळी चुकवायची नाही. नळाला पाणी आलं की आई रात्री उठते, ते बंद. बाबा तुम्ही भरा आणि भरून झालं की फरशी पुसा, ओल्या फरशीवर वॉकर सरकतो. उंबऱ्याच्या दोन पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा.

आई, गड्ड्याचं, आपल्या सिद्धेश्वराच्या जत्रेचं पण सांगून टाकते. 13 जानेवारीला तुला जेमतेम सात आठवडे होतील, संमती कट्ट्यापाशी ती गर्दी, कोणी नुसतं ढकललं तरी काय होईल. यंदा सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षतेला जायचं नाही. चिडू नकोस. मला आठवतंय, मी पाच वर्षांची असेन, होम मैदानावर पाळण्यातून उतरताना माझी एक चप्पल गेली आणि तू मला कडेवर घेऊन साखर पेठेपर्यंत चालत आलीस, वाटेत दोनदा थांबून कड बदललीस आणि मी झोपल्याचं नाटक करत होते. तेव्हा कळलं नाही गं तुझे गुडघे कशाने झिजतात. मी 12 तारखेला रात्री येते, तू टीव्हीवर बघ, तुझ्या वाटच्या अक्षता मी टाकून येते.

भोगीची भाजी मी करीन, तू मीठ बघ फक्त.

तुमची,
ताई

ता. क. खलबत्ता तेव्हा परत आणते, पण टेबलावर ठेवायचा, खुर्चीत बसून कुटायचं. काल मी शेंगांची चटणी कुटून बघितली, नुसता भुगा झाला, तेल काही सुटलं नाही. लसूण तू आधी घालतेस की शेवटी?