बाबा, मोजणीचा अर्ज केला आहे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मुद्द्याचं आधी लिहिते. दिंडोरीच्या रानाच्या मोजणीचा अर्ज मी केला आहे. हद्द कायम (म्हणजे ठरलेली हद्द जागेवर दाखवणारी मोजणी), क्षेत्र १ हेक्टर ६२ आर, नियमित मोजणी. चलनाने २००० रुपये भरून झाले. आणि मोजणीच्या दिवशी तुम्ही बांधावर उभं राहायचं नाही, हेही ठरलं आहे. आई, त्यांच्या डोळ्यांत अजून थेंब चालू आहेत, तेव्हा पत्र तूच वाचून दाखव. त्यांचा आवाज चढला तरी थांबू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुम्हाला न विचारता केलं हे तुम्हाला लागणार. विचारलं असतं तर ‘बघू पाडव्यानंतर’ म्हणाला असतात आणि मी पुन्हा गप्प बसले असते. सातबाऱ्यावर माझं नाव तुम्हीच हट्टाने लावून घेतलंत, म्हणून सहधारक म्हणून मला अर्ज करता आला. जन्मभर मोजण्या करून लोकांच्या हद्दी दाखवल्या आणि आता स्वतःच्याच रानाची मोजणी मागायची, तीही भावाच्या बांधाला लागून, हे तुमच्या मनात येणार. पण बाबा, तो बांध कुठून कुठे जातो हे आज फक्त तुम्हाला आणि आप्पाकाकांना पाठ आहे. आम्हा चुलत भावंडांपैकी एकालाही ते नक्की सांगता येणार नाही. तुम्ही दोघं एका ताटात जेवता, तेवढ्यातच ती रेघ कागदावर यावी, एवढाच माझा हेतू.

अर्ज काकांच्या विरोधात नाही. लगतधारक, म्हणजे शेजारचे जमीनधारक, म्हणून त्यांना नोटीस जाईल, ती जावीच लागते. पण टपाल पोचायच्या आधी तुमच्या तोंडून त्यांना कळू दे. फोन करा, काकूंनाही सांगा. आंबा, विहीर, त्या वर्षीचं काहीच काढू नका. एवढंच म्हणा की मधली रेघ एकदा ठरली की दोन्हीकडची ठरते, आणि खर्च आमचा. त्यांच्या मुलांचं वाटणीपत्र नोंदवायचं राहिलंय ना? त्यांना हेही सांगा, की एकत्र कुटुंबाचं वाटणीपत्र नोंदणीकृत असेल तर पोटहिस्सा मोजणी आता दर पोटहिश्शाला २०० रुपयांत होते. या सवलतीचा त्यांना खरंच उपयोग आहे.

आता तारखेचं. द्रुतगती मोजणीला २ हेक्टरपर्यंत ८००० रुपये पडतात आणि ती ३० दिवसांत होते. नियमितला ९० दिवस. मी मुद्दाम नियमित घेतली, आणि त्यात पैशाचा विचार नव्हता. ३० दिवसांत मोजणी आली असती तर काकांच्या द्राक्षाच्या मांडवावर पानांचं छप्पर असतं आणि त्यांची काढणी चालू असती. घाईच्या दिवसांत दुसऱ्याच्या बागेत यंत्रं घेऊन शिरणं बरं नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाली की मांडव उघडा पडतो, आपला गहूही निघालेला असतो. रोव्हरला, म्हणजे उपग्रहावरून जागा मोजणाऱ्या यंत्राला, वरचं आभाळ मोकळं लागतं. शिवाय मांडवाच्या तारा आणि लोखंडी अँगल यांच्यावर आपटून सिग्नल उलटा येतो, त्यामुळे छाटणीनंतरही मांडवाच्या आत बिंदू न घेता कडेच्या मोकळ्या पट्टीवर घ्यावा. छाटणीनंतर साधारण चाळीस दिवसांत पानं पुन्हा भरतात. म्हणजे आपल्याला मिळते ती एवढीच फट.

पण एप्रिलचं ऊन तुम्हाला सोसणार नाही. साखर, रक्तदाब आणि त्यात हा डोळा. म्हणून बांधावर नाही.

तुमची खरी शंका मला ठाऊक आहे. पोरं रोव्हर घेऊन येतात, दोन-चार तासांत मोजतात, टिपण, म्हणजे जुन्या मोजणीच्या मापांचा कागद, कोण उघडून बघतं? बाबा, ही शंका शंभर टक्के खरी आहे आणि माझीही तीच आहे. राज्यात आता ७७ कॉर्स स्थानकं (उपग्रहाचे सिग्नल सतत टिपणारी कायमची केंद्रं) आहेत, त्यांच्या आधाराने रोव्हर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जागा दाखवतो. पण १:५००० च्या गाव नकाशावर अर्ध्या मिलिमीटर जाडीची रेघ म्हणजे जमिनीवर अडीच मीटर. नुसता नकाशा स्कॅन करून त्यावरून बांध काढला, तर यंत्र कितीही अचूक असो, उत्तर अडीच मीटरच्या धुक्यातलंच येणार. जुन्या कागदाचं आकसणं वेगळंच. म्हणून टिपणावरची साखळीची मापं आणि शिवेचे जुने दगड यांच्यावरूनच हद्द बसवायला हवी. अर्जासोबत मी तशी विनंती लेखी जोडली आहे: एकत्रीकरणाच्या योजनापत्रकाची नक्कल, गटाचं टिपण आणि फाळणी (पोटहिश्शांच्या मापांचा कागद) मोजणीच्या वेळी जागेवर असावी.

इथेच तुमचं काम आहे, आणि ते पंख्याखाली बसून करायचं आहे. टिनाच्या पेटीतल्या टिपणाच्या नकलेवरून सगळ्या बाजूंची मापं साखळी-आण्यांतून मीटरमध्ये काढून एक तक्ता करा. ३३ फुटांची साखळी म्हणजे १०.०५८ मीटर, आणि १६ आण्यांची साखळी असल्याने एक आणा ६२.९ सेंटिमीटर. हे तुम्हाला मी काय सांगणार, पण तक्त्याच्या डोक्यावर हे ठळक लिहून ठेवा, कारण नवी मुलं साखळी म्हणजे १० मीटर धरतात. दहा साखळ्यांच्या बाजूला तेवढ्यानेच ५८ सेंटिमीटर, जवळपास दोन फूट जातात आणि मग भावाभावांत भांडण लागतं. अक्षर मोठं काढा. एका बैठकीत अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, मधे डोळे मिटून बसायचं. आईने घड्याळ लावायचं.

बांधावर तुमच्याऐवजी कोण, तेही ठरलं आहे. तुमचे ते निवृत्त निमतानदार (मोजणी तपासणारे अधिकारी) मित्र स्वतःहून म्हणाले, ‘त्याला घरी बसव, मी जातो.’ निफाडकडे खाजगी मोजणी करणारे एकजण आणि आयटीआयच्या सर्वेक्षक ट्रेडच्या दोन मुली, एवढी माणसं येतील. मोजणी अर्थात सरकारी भूकरमापकच करणार, यंत्राला आपला कोणी हात लावणार नाही. आपल्या मंडळींनी आदल्या दिवशी बांधावरची झुडपं तोडायची, तीन गावांची शीव मिळते तो दगड आणि ओढ्याकडचा दगड उघडा करून त्यांना चुना मारायचा. दुसऱ्या दिवशी विचारलं तर खुणा दाखवायच्या, नाही तर बाजूला उभं राहायचं. आंब्याखाली रोव्हर फिक्स होणार नाही, म्हणजे पक्की जागा धरणार नाही, फ्लोटवरच (अंदाजावरच) राहील, आणि फ्लोटवर घेतलेला बिंदू फूट-दोन फूट सहज सरकतो. तो कोपरा उघड्यावरच्या दोन बिंदूंवरून टोटल स्टेशनने (दुर्बिणीच्या यंत्राने) घ्यावा, अशी विनंती निमतानदारकाका करतील. सकाळी सात ते अकरात आटपलं तर उत्तम. दुपारी जमिनीलगतची हवा थरथरते आणि लांबच्या प्रिझमवर दुर्बीण नीट बसत नाही. रोव्हरच्या दांड्याचा तोल दाखवणारा बुडबुडा बघायला त्या मुलींना सांगितलं आहे. दोन मीटरचा दांडा एक अंश कलला तरी टोक साडेतीन सेंटिमीटर सरकतं. सुरुवातीचा बिंदू शेवटी पुन्हा घेतला की दिवसभराचं काम जुळलं की नाही ते तिथल्या तिथे कळतं.

हद्दीचे दगड आपणच न्यायचे आहेत. अडीच फुटी, त्यातला दीड फूट जमिनीत. दादाने पिंपळगावहून आणायचे कबूल केलं आहे. लाकडी खुंट्यांवर भागवायचं नाही. खुंटी ट्रॅक्टरच्या पहिल्याच फेरीत जाते आणि मग मोजणी झाली होती की नाही यावरून पुन्हा सुरू. दगड त्याच दिवशी, काकांच्या समोर, दोन्हीकडच्या माणसांनी मिळून पुरायचे.

आणि रेघ आपल्या अंगावर आली तर? म्हणजे चार-सहा आणे आपलीच वहिवाट त्यांच्या हद्दीत निघाली तर? मी आणि दादाने आत्ताच मान्य केलं आहे, सोडून द्यायचं. उलट निघालं, तर त्या दिवशी एक शब्द बोलायचा नाही. क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, हातात येऊ द्यायची, वहिवाट आणि हद्द त्यावर वेगवेगळी दिसेलच. मोजणीने ताबा बदलत नाही, हे तुम्हीच लोकांना घसा फोडून सांगायचात. कोणाला मोजणी पटली नाही तर निमताना मोजणीचा, म्हणजे फेरतपासणीचा, अर्ज आहे. कोणीही कोणाला चोर म्हणायचं नाही, बस.

परवानाधारक खाजगी भूमापकांची बातमी वाचून तुम्ही अस्वस्थ झाला होतात, असं आई म्हणाली. २०२५ मध्ये ते धोरण जाहीर झालं, पण त्यांच्या मोजणीवर प्रमाणित करण्याची सही भूमी अभिलेख खात्याचीच राहणार आहे. अर्जांचे ढीग एवढे आहेत की माणसं वाढवल्याशिवाय ते उपसणार नाहीत. आता सिंहस्थ २०२७ चं काम, रस्त्यांचं भूसंपादन, नाशिकमध्ये तर मोजणीवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नाही. मला काळजी खाजगी-सरकारीची नाही, टिपण वाचता येण्याची आहे. मोडीतली नोंद, पुसट आकडा, साखळीच्या रेषेवरून डावी-उजवीकडची आडवी मापं, हे वाचणारी माणसं आता मोजकी उरली आहेत. यंत्र भाड्याने मिळतं, बॅटरी संपली तर शेजारच्या तालुक्यातला कोणीतरी मोटारसायकलवर आणून देतो. आपल्या मंडळींत तेवढी माया आहे. टिपण वाचणारा मात्र मोटारसायकलवर आणता येत नाही.

म्हणून दुसरी गोष्ट. ती चारपाच तरुण मुलं तुमच्याकडे शिकायला यायला केव्हापासून विचारताहेत, त्यांना मी हो म्हटलं आहे. महिन्यातून दोन रविवार, सकाळी दहा ते बारा, म्हसरूळच्या घरीच. त्यांनी यायचं, तुम्ही कुठे जायचं नाही. मूळ कागद कोणालाही द्यायचे नाहीत, मोठ्या झेरॉक्सवर पेन्सिलीने शिकवायचं. आधी फाळणी, मग टिपण, मग गट नकाशावर बसवणं, हाच क्रम. उलट केलं की मुलं गोंधळतात. आणि १० एप्रिलला सर्वेक्षण दिन आहे. १८०२ साली याच तारखेला लॅम्बटनने मद्रासजवळ साडेसात मैलांची बेसलाइन मोजायला घेतली. त्या दिवशी मुलं तुम्हाला बोलायला नेणार आहेत. जा. पण गाडीने जा, खुर्चीत बसून बोला आणि वीस मिनिटांत थांबा. शंकू, ते काटकोन बघायचं जुनं साधन, न्या. त्याच्या फटीतून बघायला तुम्ही मला कडेवर घ्यायचात, तसं त्या मुलांनाही एकदा बघू दे. झेंडी बरोबर फटीत आली की किती आनंद व्हायचा, बाबा.

आई, आता तुझं. मोजणीच्या दिवशी दहा-बारा माणसांचा स्वयंपाक तू करणार नाहीस. दिंडोरीतल्या खाणावळीतून पिठलं-भाकरी, ठेचा आणि ताक मागवायचं ठरलं आहे. काकूंनाही जेवायला तिकडेच बोलव, मोजणी संपल्यावर सगळे एकत्रच बसा. गुडघ्याचा पट्टा सकाळी बांध, रात्री काढ. न्हाणीघरात धरायला स्टीलचा दांडा बसवायला माणूस येत्या आठवड्यात येईल, त्याला भिंतीत भोक पाडू दे. टाइल फुटेल म्हणून परत पाठवू नकोस. बाबांच्या गोळ्यांचा डबा दर रविवारी तू भर, ते भरतात तेव्हा संध्याकाळची गोळी दुपारच्या खणात जाते. चहात साखर अर्धा चमचा. ते ‘आजच्या दिवस’ म्हणतील, ऐकू नकोस. मी नागपूरहून मोजणीच्या दोन दिवस आधी रात्रीच्या गाडीने येते, नाशिकरोडला घ्यायला कोणी येऊ नका. तुझ्या हातचं थालीपीठ तेवढं कर, दुसरं काही नको.

बाबा, एवढं करा. नोटीस आली की पाकिटावरच्या शिक्क्यासकट फोटो पाठवा, पाकीट फेकू नका. चालू सातबारा, आठ अ, आधारच्या प्रत्येकी तीन प्रती निळ्या फाइलमध्ये ठेवा. चतुःसीमेत ओढ्याकडचे लगतधारक वारले आहेत, त्यांच्या वारसांची नावं तलाठ्याकडून खात्री करून मला कळवा. नोटीस मयताच्या नावाने गेली तर पुढे मोजणीवर हरकत येते. हे काम फोनवर होतं, त्यासाठी दिंडोरीला जाऊ नका. आणि काकांना फोन आजच करा, जेवणाआधी.

तुमची,
चिऊ